गौरक्काचं गाऱ्हाणं

सकाळी अंघोळ झाली की गौरक्का इष्टलिंग तळहातावर घेऊन बसायच्या आणि देवाला फैलावर घ्यायच्या. "गुडघा ठणकून राहिलाय. दिसंना का तुला?" पूजा थोडी आणि हजेरीच जास्त. क्लाससाठी लातूरला येऊन मी त्यांच्या वरच्या खोलीत राहिले, तेव्हा पहिल्या दिवशी मला वाटलं, खाली नवरा-बायकोचं जुंपलंय.

नवरा कधीच वारला होता. किल्लारीकडं दिलेली एकुलती लेक सुनंदा भूकंपात ढिगाऱ्याखाली गेली. मठातल्या बायका तेव्हा म्हणाल्या, ती लिंगैक्य झाली, शिवात मिसळली, आता रडून तिची वाट अडवू नका. शेजारणीनं मला हे सांगितलं. गौरक्का स्वतः त्यातलं काही बोलायच्या नाहीत. दूध, नळ, गुडघा, एवढ्यावरच त्यांचं देवाशी भांडण चालायचं.

बारावीच्या दिवाळीनंतर माझे वडील गेले. दिवस उरकून मी चाकूरहून परतले, ती कोरड्या डोळ्यांनी. "डॉक्टर होऊन दाखव," हे इतक्या जणांनी ऐकवलं होतं की रडायचीही चोरी वाटायची. पुस्तक उघडायचे, पण अक्षर डोक्यात शिरायचं नाही. ताट तसंच परत जायचं.

एका सोमवारी गौरक्का मला मठात पोथीला घेऊन गेल्या. एका शिवभक्ताचा मुलगा मरतो, तो अध्याय लागला होता. तिथं विलापाच्या ओव्या गाळायची रीत होती. मठात रडगाणं अशुभ. त्यामुळे मुलगा गेला, की पुढच्याच ओवीत बाप हात जोडून मोकळा.

"स्वामी, मधलं वाचा," गौरक्का बायकांतून म्हणाल्या.

"अक्का, ते शोकाचं हाय. शांतीचं पुढं हाय."

"लिहिणाऱ्याला कळत नव्हतं काय? बाप आधी भांडला, देवानं ऐकून घेतलं, तवा हात जोडले. तुमी भांडणच खाऊन टाकलं."

स्वामींनी पानं मागं उलटली. पोथीतला बाप देवाला विचारत होता, तुला माझंच घर सापडलं का? माझा हुंदका फुटला. एक बाई मला गप्प करायला सरकली. गौरक्कांनी तिचा हात धरला.

"बोल पोरी. त्याच्यापाशी न्हाई तर कुणापाशी बोलशील?"

मी बोलले. अगदी एकेरीवर येऊन देवाला विचारलं, निरोप घेण्यापुरतेही बाबा का ठेवले नाहीस? बोलून थकले, तेव्हा मोकळं वाटलं, आणि भूकही लागली.

मग शेजारून गौरक्कांचा आवाज आला. इतका बारीक, की मी आधी ओळखलाच नाही.

"आन् माझी सुनंदा?"