हॉलच्या भिंतीवरचा फोटो

आमच्या चर्चच्या एका फादरने मला फसवलं, आणि वरच्यांनी गुपचूप त्याची बदली करून आम्हा सगळ्यांनाच फसवलं.

मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. वडील नुकतेच गेलेले; धीर मागायला त्याच्याकडे जायचे. ऑफिसमागच्या खोलीत त्याने अंगाला हात घातला, एकदा नव्हे. वर म्हणाला, बोललीस तर आईची गावात काय अब्रू राहील? त्याच्या निरोपाला त्याच आईने आंबवलेल्या मैद्याचे फुगे तळले, आमच्याकडे लग्नाला करतात तसे, टोपलीभर. टोपली चर्चच्या हॉलपर्यंत मी उचलून नेली.

पुढे लग्न झालं, कल्याणला प्लायवूडचं दुकान टाकलं, चांगलं चाललं. मागच्या ईस्टरनंतर नवऱ्याला सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "चल, गाडी काढतो." शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्येही एरवीसारख्या शिव्या घातल्या नाहीत त्याने.

ठाण्याच्या आमच्या त्या जुन्या चर्चचे नवे फादर माझ्या मुलाच्या वयाचे. त्यांनी मध्ये न बोलता ऐकलं. मग म्हणाले, "आँटी, आपल्या एक सिस्टर समुपदेशन करतात. इथेच बसता येईल, ऑफिसमागच्या खोलीत."

"त्याच खोलीत?" माझं डोकं सटकलं. पर्स उचलली आणि चालू लागले. गिऱ्हाईक उठलं की दुकानदार खरं बोलतो, हे मला गल्ल्यावर बसून कळलंय. गेटपाशी फादर अनवाणी धावत आले.

"आँटी, चुकलो. तुम्हाला काय हवंय ते सांगा."

"फादर, आता ही भाव वाढवणार," नवरा म्हणाला.

वाढवलाच. समुपदेशक बाहेरची, मी निवडेन ती. आणि हॉलमध्ये जुन्या फादरांच्या रांगेत त्याचा फोटो आहे, तो काढा.

"फोटोचं वर विचारावं लागेल."

"लावताना मला विचारलं होतंत?"

रविवारी मिस्सा संपल्यावर त्यांनी स्वतः स्टुलावर चढून फोटो उतरवला आणि हॉलमधल्या सगळ्यांना कारणही सांगितलं. माझं नाव घेतलं नाही. आणखी कोणाला त्रास झाला असेल तर मी ऐकेन, म्हणाले.

आता दर गुरुवारी डोंबिवलीला समुपदेशक बाईंकडे जाते. येताना नवरा आणि मी कुठेतरी मिसळ खातो. झोप लागते. मिस्सेला पुन्हा पुढच्या बाकावर बसते, आणि बरं वाटतं, खरंच.

पण फादरांना जुन्या फायलीत एक कागद सापडला, तो त्यांनी माझ्यापासून लपवला नाही. माझ्या आधी एकीने त्याची तक्रार केली होती. तरी वर्षभर त्याला इथेच ठेवलं, त्याच वर्षात मी त्या खोलीत गेले, आणि मग त्याला दुसऱ्या गावी पाठवलं. फादरांनी वर दोन पत्रं लिहिली. उत्तर नाही.

ती तक्रार वाचून फायलीत ठेवणारा जो कोणी असेल, त्याने आमच्या हॉलमध्ये यावं, फोटो होता त्या भिंतीपाशी उभं राहावं, आणि मला तोंडावर सांगावं की ते वर्षभर तो गप्प का बसला. या वेळी मी उठून जाणार नाही.