वाऱ्याला ठेवलेली फट

मुलीने माझ्या फोनमध्ये ठोकळ्यांचा तो जुना खेळ टाकून दिला आहे. आता तो रंगीत झाला आहे, पण खेळ तोच. वरून तुकडा येतो, तो फिरवायचा, खाली नीट बसवायचा, आडवी ओळ पूर्ण भरली की ती ओळ नाहीशी होते. एवढ्याशा गोष्टीवर माणसं इतकी वर्षं कशी टिकून आहेत, याचा मी माझ्यापुरता हिशेब केला आहे. हा खेळ जिंकता येत नाही. कितीही चांगलं रचा, कधीतरी वर टेकतंच, आणि आपलं नेमकं कुठे चुकलं ते समोर दिसत असतं. म्हणून माणूस पुन्हा सुरू करतो. मीही जेवण झाल्यावर थोडा वेळ खेळतो. खेळून बरं वाटतं असं मात्र नाही. आप्पा आठवतात.

आप्पा म्हणजे माझे वडील. वडवणीला आमची धान्याची आडत होती. शेतकरी माल आणायचे, आप्पा पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचे, मूठ भरून दाणे बोटांत चोळायचे आणि सांगायचे, "वाळलंय" किंवा "ओल हाय, दोन उन्हं दे." त्यावर भाव ठरायचा. कुणी वाद घालत नसे. मग एका सकाळी तोंड धुताना तांब्या त्यांच्या हातून पडला. लकवा. पाय आठवड्याभरात चालायला लागला, उजवा हात मात्र लोंबतच राहिला. बीडचे डॉक्टर म्हणाले, बोटांना सतत काम द्या. रबरी चेंडू दिला. आप्पांनी तो दोन दिवस दाबला आणि नातवाला देऊन टाकला. "रिकामं दाबत बसायला मी काय खुळा हाय का?"

तेव्हा बाजारात स्वस्त चिनी वस्तूंचा नुसता पूर आला होता. नारायणगडच्या जत्रेत एका पथारीवर मला हातात धरायचा, राखाडी पडद्याचा, दोन सेलवर चालणारा तो खेळ दिसला. तुकडा फिरवायचं मोठं बटण उजव्या अंगठ्याखाली होतं. त्या बटणासाठीच मी तो घेतला.

आप्पांना नियम कुणी सांगितले नाहीत, त्यांनी विचारले नाहीत. पडदा बघितला आणि म्हणाले, "ही तर थप्पी हाय." आमच्या गोदामात पोत्यांच्या थप्प्या लागायच्या, आणि थप्पी लावताना मध्ये फट सोडायची हा आप्पांचा कायदा होता. वारा खेळला नाही तर माल तापतो, बुरशी धरतो. तसंच ते खेळायचे. प्रत्येक थरात एक घर मोकळं. सुरुवातीला अंगठा दाबत नसे, तुकडे येतील तसे पडायचे. हमालांचा मुकादम दुपारी शेजारी येऊन बसायचा.

"मालक, ते उभं कशाला टाकलं? आडवं करा की."

"हमाल ऐकतोय कुठं माझा?"

"कोण हमाल?"

"ह्यो." आप्पा अंगठ्याकडे बोट दाखवायचे. "तुझ्यावानीच हाय. चार हाका मारल्या की एकदा उठतो."

चुकून एखादी ओळ भरून नाहीशी झाली तर आप्पा दचकायचे. "थर गेला की बे! कुणी उचलला?" आणि थप्पी वर टेकून खेळ संपला की समाधानाने यंत्र खाली ठेवायचे. गोदाम आढ्याला लागलं. पडद्यावर आकडा शून्य असायचा. मी दुकानाच्या वह्या लिहिणारा, आकड्यांचा माणूस, मला तो शून्य टोचायचा, पण अंगठा हलायला लागला होता. पावसाळ्यापर्यंत तुकडा हवा तसा फिरू लागला. आप्पा म्हणाले, "हंगामाला मी दुकानात येणार. तवर पोत्यात हात घालायला नवीन माणूस बघू नको."

पंचमीला बहीण माहेरी आली. तिने शेजारी बसून पाहिलं आणि हसू लागली.

"आप्पा, उलटं खेळताय तुमी. ओळ भरली की जाते, तेच तर जिंकणं!"

"जाते? मग राहतंय काय?"

"आकडा राहतो ना, वर."

आप्पांनी आकड्याकडे पाहिलं. "आकड्याला ओल लागत न्हाई," एवढंच म्हणाले आणि पुन्हा फट सोडूनच खेळू लागले.

हंगामाला ते खरोखरच आले. धोतर, टोपी, कमरेला गोदामाची किल्ली, सगळं नीट. मधल्या काळात दुकान बदललं होतं. शहरातले खरेदीदार ट्रक लावायचे, माल आला त्याच दिवशी भरून जायचा. गोदामात थप्पी अशी राहतच नव्हती. खरेदीदाराचा मुलगा ओल मोजायचं यंत्रही घेऊन आला होता. आप्पांनी तुरीच्या पोत्यात उजवा हात घातला. कोपरापर्यंत गेला. मूठ मिटली, दाणे घेऊन वर आली. डॉक्टरांनी पाहिलं असतं तर पाठ थोपटली असती. आप्पा बोटं चोळत राहिले. एरवी एका दमात सांगायचे, तिथे बराच वेळ लागला.

"वाळलंय," ते म्हणाले.

"बरं, आप्पा," म्हणत खरेदीदाराच्या मुलाने मूठभर तूर यंत्रात टाकली. आकडा ओलीचा आला. त्याने यंत्र आप्पांकडे न वळवता बंद केलं. मुकादमाने त्याच पोत्यात हात घालून पाहिला, माझ्याकडे न बघता पोत्याचं तोंड बांधलं आणि ते ओल्या मालाकडे सरकवलं. त्यावरून आप्पांना कळलं. बोटं परत आली होती, बोटांतली जाण आली नव्हती. ती येईल असं डॉक्टर कधी म्हणालेच नव्हते. अंगठा हलला म्हणजे सगळं आलं, हे आम्हीच धरून चाललो होतो.

संध्याकाळी मी घरी गेलो तेव्हा आप्पा ओसरीवर खेळत होते. ओळ गेल्याचा तो बारीक आवाज सारखा येत होता. फट न सोडता, भराभर. मी मागे उभा राहून पाहिलं.

"आप्पा, साडेतीन हजार झाले."

"आन् गोदामात?"

पडद्यावर तळाला एक अर्धवट थर होता. "काही नाही," मी म्हणालो.

"झाडून घ्यायला बरंय मग," आप्पा म्हणाले, आणि कमरेची गोदामाची किल्ली काढून, त्याच उजव्या हाताने, माझ्यापुढे धरली.