सवतीचा टाक

"गोष्ट सांगायची नाही हं," मुलाने मला आधीच बजावलं. "तू प्रत्येक वस्तूची गोष्ट सांगतेस आई, आणि मग ती टाकवत नाही. या वेळी फक्त हो किंवा नाही."

हो किंवा नाही! जशी काही कोर्टात उभी केली होती मला.

लालबागची आमची चाळ पाडून तिथेच टॉवर झाला. मधली वर्षं संक्रमण शिबिरात काढून आम्ही वर राहायला आलो, तेव्हा चाळीतलं होतं नव्हतं ते सगळं मी बरोबर आणलं. पेट्या, डबे, पोती, गाठोडी. मुलगा आणि सून मात्र मोबाइलवर कुठलेकुठले व्हिडिओ बघून येडे झाले होते. भिंती पांढऱ्या, जमीन मोकळी, कपाटात मोजके कपडे, स्वयंपाकघरात चार ताटं आणि तीन कप. याला म्हणे मिनिमलिझम म्हणतात. आम्ही एका खोलीत सात जण राहायचो तेव्हाही आमच्याकडे चारच ताटं होती. त्याला तेव्हा गरिबी म्हणायचे.

"वर्षभरात ज्याला हात लागला नाही ते बाहेर," मुलगा म्हणाला.

"मग मलाच काढ आधी," मी म्हटलं. "मला कोणाचा हात लागलाय वर्षभरात?"

सून हसली. तो नाही हसला. त्याने भंगारवाल्याला फोन लावला.

रविवारी सकाळी पोती सुटली. पाटा-वरवंटा गेला, पुरणयंत्र गेलं, माझ्या जुन्या साड्यांची गोधडी गेली. मग ह्यांचा डबा निघाला. गिरणीत न्यायचे तो, ॲल्युमिनियमचा, कडीला तार बांधलेला. मी तोंड उघडलं तसा मुलाने हात वर केला, रस्त्यावर पोलीस करतो तसा.

"आई. हो किंवा नाही?"

"हो! ठेवायचा!"

"तू वापरणार आहेस?"

आता ह्यांच्या डब्यात मी काय भरून नेणार होते आणि कुठे? त्याने डबा पोत्यात टाकला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून अगदी हळू आवाजात म्हणाला, "वस्तूंमध्ये आठवणी नसतात गं आई. त्या मनात असतात."

ओरडला असता तरी चाललं असतं. त्या हळू आवाजाने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भंगारवाला पोतं उचलून लिफ्टकडे निघाला, आतून डब्याचा आवाज येत होता, आणि मी दारात उभी राहून दात-ओठ खात होते.

त्यानंतर पाळी आली देवांची.

इथे मला थोडं मागचं सांगायला हवं. हा मुलगा माझ्या पोटचा नाही. त्याची आई काविळीने गेली तेव्हा तो अजून रांगत होता. काही महिन्यांनी मी दुसरेपणावर या घरात आले. अक्षता पडल्या, उंबरठा ओलांडला, आणि मंगळसूत्राची सवय व्हायच्या आत सासूने माझ्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला एक टाक अडकवला. सवतीचा टाक. चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेली बाईची आकृती, रुपयाच्या नाण्यापेक्षा जराशी मोठी. पहिली बायको गेलेल्या घरात दुसरीच्या गळ्यात तो बांधायचा, आमच्याकडची रीतच होती ती. नाहीतर मेलेली जिवंत असलेलीला सुखाने नांदू देत नाही, म्हणे. तिच्याच पैंजणांची चांदी आटवून सासूने तो करून घेतला होता.

"हिचो मान पयलो, मगे तुजो," सासू म्हणाली.

तेव्हापासून नवी साडी आधी तिला दाखवायची, मग मी नेसायची. सणाचा घास आधी तिला. हळदीकुंकू आधी तिला. रात्री नवऱ्याच्या शेजारी निजायचं तर तीही छातीवर असायचीच. मी तिला कधी पाहिलं नाही, एका शब्दाने बोलले नाही, पण तिच्याइतका राग मी जन्मात कोणाचा केला नाही. फोटो एकच होता तिचा, लग्नातला. माळ्यावर पाणी गळून त्याचा लगदा झाला. राहिला तो टाक. हे गेले, मंगळसूत्र उतरलं, तेव्हा टाकही काढून मी देव्हाऱ्यात ठेवला. कुलदेवाचे टाक होतेच तिथे, त्यांच्यात ती जाऊन बसली.

मुलाला आपली आई वारली हे ठाऊक होतं. चाळीत कोण लपवून ठेवणार? लहानपणी मी कान पिरगाळला की भोकाड पसरून म्हणायचा, "माझी आई असती तर असं केलं नसतं." त्याला रोज अंघोळ घालणारी, त्याचं शी-शू काढणारी मी कोण मग? पण देव्हाऱ्यातली ती कोणती, हे त्याने कधी विचारलं नाही. मोठा झाल्यावर तर त्याने देवापुढे हातही जोडला नाही.

तर देव. सुनेने पांढरी फळी आणली होती, वहीएवढी. तिच्यावर एक छोटा गणपती आणि एक चांदीचं निरांजन, एवढंच राहणार होतं. बाकीचे देव समुद्रात सोडायचे, आणि चांदीचं जे असेल ते सोनाराला देऊन त्या बदल्यात निरांजन आणायचं. मुलाने देव्हाऱ्यातले टाक एकेक उचलून प्लास्टिकच्या पिशवीत टाकायला सुरुवात केली. खंडोबा. भवानी. मग तिला उचललं. अंगठ्याने थोडी घासली, आकृती बघितली.

"ही कुठली देवी?" सुनेने विचारलं.

"असेल कुठली तरी," तो म्हणाला.

मी पलंगावर बसून सगळं बघत होते. "अरे, कोण कोण आहे ते विचारून तरी घे," मी म्हटलं.

"आई, प्लीज. गोष्ट नको. ठरलंय ना आपलं?"

"अरे पण..."

"नको म्हटलं ना!"

बरं. नको तर नको. जन्मभर हिचा मान आधी, हिचा घास आधी, आणि आता तिचा पोटचा पोर तिला पिशवीत भरतोय आणि मलाच गप्प बस म्हणतोय. मी का जीव तोडून ओरडू? माझ्या नवऱ्याचा डबा गेला ना पोत्यातून? जाऊ दे हिलाही. पिशवीची झिप त्याने ओढली आणि मला, खोटं कशाला बोलू, गार गार वाटलं.

संध्याकाळी निरांजन आलं. गुळगुळीत, नक्षी नाही, काही नाही. सुनेने त्याचा फोटो काढला.

गणपती आटपले, लालबागची गर्दी ओसरली, पितृपक्ष लागला. त्यातली अविधवा नवमी आमच्या घरी तिची असते. जी कुंकू लावून गेली तिच्या नावाने त्या दिवशी सवाष्ण जेवू घालायची. नवरा गेला की ही नवमी बंद करतात, असं मला पुष्कळांनी सांगितलं, पण दरवर्षी जेवायला येणारी सवाष्ण ऐकेल तर शप्पथ. ती म्हणजे तिची सख्खी धाकटी बहीण, मुलाची मावशी. गिरगावातून यायची, मुलगा कामावरून येईपर्यंत टाकाला हळदीकुंकू लावून, जेवून बसायची, आणि निघताना त्याच्या गालावरून हात फिरवून माझ्याकडे बघत म्हणायची, "आई ती आईच." मला ती कधी ताई म्हणाली नाही. नुसतं 'तुम्ही'.

यंदाही आली. नव्या घरात पहिल्यांदाच, म्हणून मुलाने सुट्टी घेतली होती. मोकळ्या भिंती बघून म्हणाली, "सामान यायचंय वाटतं अजून?" चहा झाला. कप तीनच, म्हणून सून मागाहून प्यायली. मग मावशीने पर्समधून कुंकवाची डबी काढली आणि फळीसमोर जाऊन उभी राहिली.

"माझी ताई कुठाय?"

मुलगा हसला. "कोण ताई, मावशी?"

"अरे, कोण काय? तुझी आई. टाक तिचा. चांदीचा. यांच्या गळ्यात असायचा तो."

तो माझ्याकडे वळला. मी पानावर मीठ वाढत होते.

"आई?"

"पिशवीत घातलास ना तू," मी म्हटलं. "खंडोबा, भवानी, त्यांच्याबरोबर तीच होती. मी म्हटलं होतं विचारून घे. तू म्हणालास, गोष्ट नको."

त्याचा चेहरा असा उतरला की काय सांगू. धडपडत मोबाइल उचलला, सोनाराचा नंबर काढता काढता दोनदा खाली पाडला. मावशीलाही ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला.

"साहेब, ते सगळं त्याच आठवड्यात आटवायला गेलं," सोनार म्हणाला. "जुनी चांदी आम्ही ठेवत नाही."

"मग हे निरांजन... यात तीच चांदी असेल ना?" फळीवरून त्याने निरांजन उचलून छातीशी धरलं होतं, जसा काही सोनार ते हिसकावून घेणार होता.

"नाही हो. तो रेडी पीस. तुम्हीच शोकेसमधून पसंत केलात की."

मावशी जेवायला बसली नाही. कुंकवाची डबी पर्समध्ये टाकली, चपला घातल्या, आणि दारातून त्याला म्हणाली, "आईला मोडीत घातलीस रे." मग माझ्याकडे बघून, "आणि तुम्ही बघत बसलात."

बसले बघत. तिच्या पानातलं आम्ही रात्री खाल्लं.

आता घर कसं मोकळं आहे. पांढरं, स्वच्छ, बोललं की आवाज घुमतो. या घरात आल्यापासून पहिल्यांदाच मी एकटीच आई आहे. आनंद झालाच मला. पण अजून सकाळी चहाआधी माझा हात गळ्याशी जातो, आणि तिथे काही नसतं म्हटल्यावर चिडचिड होते. इतकी वर्षं जिच्याशी भांडले तीच गेली. आता भांडू कोणाशी?

परवा मुलगा ऑफिसातून आला आणि बूटही न काढता माझ्या पायाशी जमिनीवर बसला. सोफा आम्ही काढलाय ना.

"आई, तुझ्या गळ्यात होती ती इतकी वर्षं. तुलाच माहीत. कशी दिसायची त्यावर? सांग ना."

मला काय माहीत नव्हतं? चिंच लावून घासून घासून तिचं नाक सपाट झालेलं. एक डोळा मोठा, एक बारीक. आणि खालची कड दाबलेली, बारीक खळग्या खळग्यांची. ते त्याचे दात. त्याला दाढा येत होत्या तेव्हा दिवसभर माझ्या मांडीवर बसून माझ्या गळ्यातला तो टाक तोंडात धरून चावायचा. काढून घेतला की किंचाळायचा. तोंडात दिला की तिथेच, तिला चघळत चघळत झोपून जायचा.

"आठवणी मनात असतात म्हणाला होतास ना?" मी म्हटलं. "काढ की मग."

"काही नाहीये गं मनात. एवढासा होतो मी." त्याचे डोळे भरले होते. "गोष्ट नको सांगूस. हो किंवा नाही एवढंच सांग. मी लहान असताना माझा हात तरी लागला होता का कधी तिला?"

मी त्याच्याकडे बघितलं. केस पांढरे व्हायला लागलेत त्याचे.

"नाही," मी म्हटलं, आणि गॅसवरचं दूध बघायला उठले.