मांडीवरचा उजवा हात

मी तेव्हा बुऱ्हाणपुरात शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. मुलांना भांडी आणि पानंफुलं काढायला शिकवायची आणि सुटीच्या दिवशी कुणी बोलावलं तर तैलचित्र करून द्यायचं. माणूस काढताना चेहऱ्याला मी शेवटी हात घालत असे. आधी त्याचं वजन कुठे पडलंय ते बघायचं, मग मान, खांदे, हात.

कापसाच्या एका व्यापाऱ्यानं आपल्या धाकट्या भावाचं चित्र सांगितलं. धाकट्याच्या उजव्या हाताला दोनच बोटं उरली होती. बाकीची जिनात, सरकी काढायच्या यंत्रात गेली होती.

"हात पुरा काढा, मास्तर," थोरल्यानं मला बाजूला घेऊन बजावलं. "पेढीवर लावायचंय. लोक बघतील."

मी हो म्हटलं. आरशासमोर बसून माझाच हात उतरवला आणि चित्रात बसवला. बोटं झकास जमली, पण खांदा काही केल्या जुळेना. धाकटा उजवा हात उपरण्यात झाकून, खांदा आखडून, डावीकडे कलून बसायचा. धडधाकट हाताचा माणूस तसा बसत नाही.

चौथ्या बैठकीला तो उठून चित्रापाशी आला.

"हा हात कोणाचा?"

मी ब्रश खाली ठेवला.

"दादांनी सांगितलं ना?" त्याचा आवाज जराही चढला नाही. "मी आत अडकलेला कापूस काढत होतो. यंत्राचा पट्टा त्यांनी चालू केला. त्यांना माहीत नव्हतं. आठ वर्षं झाली, घरात यावर कोणी बोलत नाही."

मी सुरी घेतली आणि ओला रंग खरवडून काढला.

"मांडीवर ठेवा," मी म्हटलं. त्यानं उपरण्यातून हात बाहेर काढला. दुपारभर मी तो बघत, काढत राहिलो. खांदा जुळला.

थोरला बघायला आला तेव्हा मी दाराशीच थांबलो. शाळेच्या कमिटीत त्याचा शब्द चालायचा, माझी नोकरी त्याच्या हातात होती. त्याची नजर चेहऱ्यावरून खाली उतरली आणि तिथेच थांबली. कपाळावरची शीर तटतटली. आता त्याच्या हातातली काठी चित्रावर बसणार, असं मला वाटलं.

"अंगठापण?" त्यानं भावाला विचारलं.

"हो, दादा."

"मला वाटलं, बोटंच गेली."

"तुम्ही बघितलंच कुठे?"

थोरला निघून गेला. चित्र पेढीवर लागलं नाही. धाकट्यानं ते आपल्या खोलीत नेलं. मला त्या घरातून पुन्हा काम मिळालं नाही. शाळेत मात्र माझ्याविरुद्ध कुणी शब्द काढला नाही.