शेगडीशेजारचं फूल

माझा मामा टाइल्स बसवणारा मिस्त्री. जन्मभर त्याने लोकांच्या शेगडीमागच्या आणि बेसिनमागच्या भिंती सांभाळल्या. कामाला हात लावण्याआधी तो घरच्या बाईला कढईत काहीतरी तळायला सांगायचा आणि तेल जिथवर उडेल तिथवर खडूने खुणा करायचा. कोणी हसलं की म्हणायचा, "तेल काय तुम्हाला विचारून उडतं?"

मतं एकदम ठाम. संगमरवर देखणा, पण तेल पितो. बेसिनमागचे सांधे नीट भरले नाहीत तर ओल पलीकडच्या खोलीत जाते. आणि उठावाच्या नक्षीची टाइल? नाव काढलं की त्याचं डोकं फिरायचं. "खाचेत चिकटा बसला की सात जन्म निघत नाही. गुळगुळीत घ्या, फडकं मारा, मोकळे व्हा." मी माझ्या स्वयंपाकघरासाठी पानाफुलांच्या टाइल्स निवडल्या, तर दुकानदारासमोर त्याने माझी अशी बिनपाण्याने केली की मी मुकाट्याने पांढऱ्या घेतल्या. तो राग अजून आहे.

मग मामीची नजर अधू झाली. आता सुधारणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. एकदा हात चांगलाच भाजला, तसा मुलगा म्हणाला, "आई, शेगडीजवळ जायचं नाही. उद्यापासून डबा लावू." मामीच्या पोटात चार घास जाईनात. स्वयंपाकघर हातचं गेलं, तर तिचं म्हणून काय उरणार होतं?

मामाने मुलाकडून थोडी मुदत मागून घेतली आणि मामीला नुसतं बघत बसला. डबे शोधताना तिचा हात भिंतीवर कुठून कुठे फिरतो, तिथे त्याने खडूने खुणा केल्या. मग भिंत फोडली.

मी गेले तर मामी स्वयंपाक करत होती. गुळगुळीत टाइल्सच्या मधून, तिच्या हाताच्या उंचीवर, पानांची उठावदार ओळ शेगडीपर्यंत गेलेली आणि शेवटी एक फूल.

"पानांवरून यायचं, फूल लागलं की थांबायचं. पुढे आग," मामी म्हणाली. मुलाने डब्याचं नाव पुन्हा काढलं नव्हतं.

"आणि खाचेतला चिकटा?" मी मुद्दाम मामाला विचारलं. तो खिडकीबाहेर बघू लागला.

"रोज जेवणं झाली की बसतात दात घासायचा ब्रश घेऊन," मामी म्हणाली. "मला कळत नाही असं वाटतं त्यांना. अगं, बोटांना कळतं. मला दिसत होतं तेव्हाही ही भिंत इतकी लख्ख नव्हती."