फुकटचं मंजन

साहेबांनी पाहुण्यांसमोर मला हाक मारली. "ए मावशी, दात दाखव."

मी दाखवले.

"बघा. आमच्या टाकीतल्या कोळशाने घासते. आमचा कचरासुद्धा वाया जात नाही."

पाहुणे हसले. मीही हसले. ते माझं हसू मला अजून सोडत नाही.

तुर्भ्याला रंगाच्या कारखान्यात मी कामाला होते. नव्वदनंतरची गोष्ट. रंगाचं घाण पाणी कोळशाच्या भुकटीतून सोडायचे. लाल आत जायचं, निवळ बाहेर यायचं. भुकटी जुनी झाली की टाकीत उतरून ती पाटीने उपसायची, हे माझं काम. आमच्या वस्तीत सगळे कोळशानेच दात घासत. घरचा कोळसा कुटावा लागे. ही आयती, मैद्यासारखी बारीक. साहेब म्हणाले, "ने की. फुकट मंजन." मी डबा भरून नेला. वर्षभर नेत राहिले. मुलगी तेव्हा दहाची. मीच तिला सांगायचे, "हिरड्यांना नीट चोळ गं."

दोघींच्या हिरड्या सुजल्या. मग मुलीच्या उशीवर रक्त दिसू लागलं.

एक दिवस लॅबमधल्या नव्या मॅडमनी माझ्या हातात डबा पाहिला. "मावशी, हे कशाला?"

मी सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

"अहो, पाण्यातलं विष जातं कुठे? या भुकटीलाच चिकटून बसतं. साहेबांना माहीत आहे ना."

साहेबांना माहीत होतं.

तशीच केबिनमध्ये गेले. काळ्या पायांनी. झाकण काढून डबा टेबलावर ठेवला.

"साहेब, तुमी घासा."

"येडी झालीस काय? चल, बाहेर हो!"

"घासा ना. फुकट हाय."

त्यांनी खुर्ची मागे सरकवली. डब्याला बोटसुद्धा लावलं नाही. मी तो उचलून घरी आणला.

काम गेलं. मुलीचे पुढचे चार दात गेले. डॉक्टर म्हणाला, कशाने ते सांगता येत नाही. मला सांगता येतं. आज ती बाई झाली आहे. हसताना पदर तोंडावर धरते. तेव्हा मला माझाच आवाज ऐकू येतो, नीट चोळ गं.

डबा मी फेकलेला नाही. फळीवर आहे, भरलेला. कुठलाही साहेब वस्तीत येऊन म्हणाला, घ्या, फुकट आहे, तर मी तो उघडून त्याच्यापुढे ठेवणार. आधी तू घास.