बांधावरची भज्जी

येळवसला, म्हणजे वेळ अमावास्येला, लातूर ओस पडतं. बाजारपेठेत कुत्री तेवढी राखणीला उरतात. बाकी झाडून सगळे कुणाच्या ना कुणाच्या शेतात, कडब्याच्या कोपीपाशी, भज्जी आणि आंबील ओरपत बसलेले असतात. मी नांदेडची, तिथल्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. थोरली बहीण औशाकडच्या खेड्यात दिली आणि येळवस माझीही झाली. पण त्या साली मी सणाला नव्हे, परीक्षेला चालले होते.

वर्षभर खटपट करून मी एक मोट बांधली होती. एकीकडे नांदेडच्या मुलींच्या वसतिगृहाची मेस, दुसरीकडे अक्काच्या गावातले सहा शेतकरी. जिकडे बघावं तिकडे सोयाबीन. त्याच्या मधे त्यांनी तूर, मूग, अंबाडी, तीळ घ्यायचे आणि बांधावर गवत जाळायचं औषध मारायचं नाही. बांधावर फुलं राहिली तर मधमाश्या राहतात, त्या राहिल्या तर पीक धरतं, हे सांगून सांगून माझा घसा बसला होता. बदल्यात मेसने त्या डाळी आणि बांधावरच्या पालेभाज्या घ्यायच्या. रेक्टरबाई सावध. म्हणाल्या, "आधी मुलींना घेऊन येते, बघते, खाते, मग हो म्हणते." म्हटलं, मग येळवसलाच या. भज्जीत शिवारातलं सगळंच पडतं. ओला हरभरा, तुरीचे दाणे, चुका, बांधावरची पाथरी. माझं सगळं म्हणणं एका पातेल्यात शिजलेलं असतं.

दाजी, म्हणजे अक्काचे मालक, पाहुण्यासाठी जीव टाकणारे. सहांतले एक ते स्वतः, बाकीच्या पाच जणांना तयार केलं तेही त्यांनीच. मुलींचा टेम्पो उभा राहिला तेव्हा ते पांढरेशुभ्र कपडे घालून बांधावर उभे होते. बाभळीखाली सतरंज्या, पाण्याचा माठ, मुलींसाठी बोरं. कोपीत पांडवांची पूजा झाली. अक्काने पातेल्यावरचं फडकं काढलं आणि त्या वासाने मुली जवळ सरकल्या.

मला मात्र बसवेना. बांधावर काहीतरी चुकत होतं. सतरंजीच्या कडेचं गवत पडलेलं होतं, कुणी तुडवलं नसताना. पुढे गेले तर पाथरीने माना टाकलेल्या, पानांच्या कडा पिवळट. बाभळीपासून बोरीपर्यंत सलग पट्टा तसाच, त्यापुढे सगळं हिरवंगार. बोरीच्या फांदीला फवारणीचा पंप टांगलेला होता.

"दाजी, इथं काय मारलंय?"

"पावणे येनार म्हनून परवा औषध मारून घेतलं," ते कौतुकाने म्हणाले. "काटाकुटा, इंचूकिडं. पोरींना कशाला तरास? बाकीच्या बांधाला हात लावला न्हाई बगा."

मी अक्काकडे वळले. "पाथरी कुठून खुडलीस?"

"हितलीच की. काल सांच्याला." तिचा डाव हवेतच राहिला. "लई टवटवीत हुती."

मुलींच्या हातात ताटं होती. "कुणी खाऊ नका," मी म्हटलं, आणि रेक्टरबाईंना जे होतं ते सगळ्यांसमोर सांगितलं. मला त्या घडीला दाजींची कीव नाही, त्यांचा संताप आला होता. वर्षाचं काम या भल्या माणसाने आदरातिथ्यापायी धुऊन टाकलं होतं. आणि अक्का भाजी खुडायला गेली तेव्हा तिला एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

दाजींचा चेहरा उतरला. शेजारच्या कोपींतून बाकीचे पाच जण येऊन उभे राहिले होते. दाजींनी मांडी घातली, पातेलं ओढलं, वाडगं भरून भज्जी घेतली आणि बाजरीचा उकडलेला उंडा कुस्करून खाल्ली. मग दुसरं वाडगं. अक्का "अवो" एवढंच म्हणाली. खाऊन झाल्यावर त्यांनी तोंड पुसलं.

"बगा. काय झालं?"

रेक्टरबाईंनी आंबील घेतली, मुलींनी खीर खाल्ली, आणि ऊन कलायच्या आत टेम्पो निघून गेला. जाताना त्या एवढंच म्हणाल्या, "पोरी लोकांच्या आहेत हो, मॅडम." मेसचं बोलणं तिथेच मोडलं.

मी राहिले. संध्याकाळभर अक्का आणि मी दाजींकडे बघत होतो, ते रिवाजाप्रमाणे शेताभोवती आंबील शिंपत फिरत होते तेव्हाही. सकाळी उठून त्यांनी म्हशीची धार काढली, चहा मागितला. त्यांना काहीही झालं नाही. मला हायसं वाटलं, खरंच वाटलं. आणि तिथेच सगळं बिघडलं.

कारण गावाला पुरावा मिळाला. "दाजींनी दोन वाडगी खाल्ली, काय झालं?" ही तिथली म्हणच झाली. माझं जीवशास्त्र त्या दोन वाडग्यांपुढे उभं राहीना. आज खाल्लेलं आजच उगवतं असं नाही, हे मी कुणाला सांगू? पावसाळ्यात सहाही जणांचे बांध औषधाने साफ झाले. त्या साली तुरीला फुलं आली आणि गळली. कशाने, ते मीही छातीठोक सांगू शकत नाही. दाजी धुईला, म्हणजे सकाळच्या धुक्याला, नावं ठेवतात. हल्ली ते जेवताना मधेच थांबतात, छातीवर हात ठेवतात. विचारलं तर "पित्त हाय" म्हणतात आणि डॉक्टरकडे जात नाहीत.

यंदा येळवसच्या आधी अक्काचा फोन आला. "येतीस न्हवं? येताना भज्जीची भाजी तेवढी नांदेडहून घिऊन ये. हितं बांधाला काय गावंना." मागून दाजींचा आवाज आला, "टवटवीत बगून घे म्हनावं."

मी बाजारात चुक्याची जुडी हातात घेऊन उभी राहिले. टवटवीत होती. उलटून पालटून बघितली, हुंगली. काहीच कळत नव्हतं. भाजीवाली म्हणाली, "घ्या बाई, ताजी हाय," आणि मी ती पिशवीत टाकली.